खटके मोजणारा मेकॅनिक

लिफ्ट बिघडली की ती एकच गोष्ट करते, थांबते. दार बोटभर उघडं राहिलं तरी थांबते, विजेची एक फेज गेली तरी थांबते, वेग प्रमाणाबाहेर वाढला तरी थांबते आणि दुसऱ्या मजल्याच्या उंबऱ्यातल्या खाचेत गुटख्याची पुडी अडकली तरीही थांबते. दुखणी वीस, लक्षण एक. म्हणून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची कसोटी पाना फिरवताना लागत नाही. ती त्याआधीच लागते, बिघाड नेमका कुठं बसलाय हे ठरवताना. भाग बदलायला दहा मिनिटं पुरतात. कोणता बदलायचा हे कळायला कधी अख्खी दुपार जाते.

आजच्या कंट्रोलरच्या पडद्यावर बिघाडाचा क्रमांक तरी झळकतो. ज्या पिढीनं रिलेवर चालणाऱ्या लिफ्ट सांभाळल्या, तिला ही सोय नव्हती. होल्डरमधला एक बल्ब, प्लास्टिकच्या मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर, सुती फडकं, खडू आणि तल्लख कान एवढ्यावर तिचं काम चालायचं. या युक्त्यांना सरसकट जुगाड म्हणायची आपल्याकडं सवय आहे. मला ते पटत नाही. यातल्या बहुतेक युक्त्यांमागं पक्कं शास्त्र आहे. एकदोन मात्र खरोखरच जीवघेण्या आहेत, आणि त्या कोणत्या हे पुढं येईलच.

मुदखेड हे जंक्शनचं गाव. नांदेडहून निजामाबादकडं जाणाऱ्या रेल्वेमार्गावरून आदिलाबादचा फाटा इथंच फुटतो. फुलांची शेती, रेल्वे आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र ही गावाची ओळख. उंच इमारती नव्हेत. अशा गावात लिफ्ट असलीच तर एखाद्या दवाखान्यात, नाहीतर नव्या अपार्टमेंटमध्ये. ती सांभाळणारा माणूस वीस-पंचवीस किलोमीटरवर, नांदेडला. तिथं डॉक्टर लेनमधली रुग्णालयं आहेत, 2008 च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या आगेमागे उभी राहिलेली हॉटेलं आणि निवास आहेत. लातूरला ट्यूशन एरियातली वसतिगृहं आहेत. त्याचा दिवस तिथंच सरतो. म्हणून लहान गावातून फोन आला की जुना मेकॅनिक लगेच गाडीला किक मारत नाही. तो आधी फोनवरच वॉचमनला कामाला लावतो. संवाद साधारण असा होतो:

"मामा, लिफ्ट कुठं उभी हाय?"

"खालीच हाय की."

"दार नीट लावा. वरचं बटन दाबा आन् कान देऊन ऐका. काय वाजलं?"

"दाबलो. एकदा खट्ट वाजलं, मग गप."

"बाहेरचं दार जरा ओढून बघा बरं. उघडतंय का?"

"उघडतंय की हो!"

"आता दार हातानं थोडं वर उचलून धरा, आन् परत दाबा."

लिफ्ट सुरू झाली, तर नांदेडात बसूनच निदान झालं: बिजागरी झिजलीय, दार खाली लोंबलंय, कुलपाची जीभ खाचेत जात नाही. येताना काय आणायचं तेही ठरलं.

हे कसं कळलं, ते समजायला जुन्या, हातानं दार लावायच्या लिफ्टमधला आवाजांचा क्रम माहीत हवा. बटण दाबलं की आधी वरच्या मशीन रूममधल्या पॅनेलात छोटा रिले टिचकी मारल्यासारखा वाजतो. मग लिफ्टच्या बाजूला बसवलेला एक लोखंडी दांडा मागं सरकतो. याला रिटायरिंग कॅम म्हणतात. हा दांडा पुढं असतो तेव्हा त्या मजल्याच्या दाराचं कुलूप दाबून उघडं ठेवतो. मागं गेला की कुलूप पडतं. दाराशी ऐकू येणारा मोठा 'खट्ट' तो याचा. कुलूप पूर्ण पडलं तरच त्याच्यातला विजेचा संपर्क जुळतो. तो जुळला की वर पॅनेलात मोटरला वीज देणारा मोठा कॉन्टॅक्टर 'धप्' असा ओढला जातो, पाठोपाठ ब्रेक 'टक्' करून सुटतो आणि मोटर फिरू लागते. टिचकी, खट्ट, धप्, टक् असा हा ठेका आहे. यातला जो आवाज आला नाही, त्याच्या अलीकडं बिघाड. खट्ट झालं आणि धप् झालं नाही, तर कुलपाच्या संपर्कात गडबड. धप् झालं, पण टक् नाही आणि मोटर नुसती घुमतेय, तर ब्रेकची कॉइल पाहा. टक् झालं, तरी मोटर घुमते आणि फिरत नाही, तर बहुधा एक फेज गेलीय. मुरलेला मेकॅनिक मशीन रूममध्ये शिरून पॅनेल उघडायच्या आधी कुणाला तरी खालून बटण दाबायला सांगतो आणि नुसता उभा राहतो. नवख्या हेल्परला वाटतं, हा काहीच करत नाहीये.

आता मुळाकडं जाऊ. लिफ्ट प्रत्येक दुखण्यावर थांबण्याचाच उपाय का करते? मुदखेडच्या रेल्वेवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. रुळांतून सतत वाहणारा थोडासा प्रवाह एका रिलेला धरून ठेवतो, आणि तो धरलेला असेपर्यंतच सिग्नल मोकळा मिळू शकतो. गाडीची चाकं रुळावर आली की प्रवाह चाकांतून परत फिरतो, रिले सुटतो, सिग्नल लाल. रूळ तुटला, तार निसटली, वीज गेली, तरीही रिले सुटतोच आणि सिग्नल लालच होतो. बिघाडाची दिशा नेहमी सुरक्षिततेकडं वळवून ठेवायची, हे ते तत्त्व. लिफ्टमध्ये हेच काम एक लांबलचक तार करते. प्रत्येक मजल्याच्या कुलपाचा संपर्क, लिफ्टच्या स्वतःच्या दाराचा संपर्क, वेग वाढला तर उघडणारा गव्हर्नरचा स्विच, अगदी वर आणि अगदी खाली बसवलेले शेवटचे लिमिट स्विच, लिफ्टखालच्या खड्ड्यातला आणि लिफ्टच्या छतावरचा स्टॉप स्विच, हे सगळे एकामागे एक, एकाच माळेत. माळ अखंड असेल तरच लिफ्ट हलते. ब्रेकचंही तसंच आहे. वीज ब्रेक लावत नाही, सोडवते. लावायचं काम स्प्रिंगचं. वीज गेली की ब्रेक आपोआप आवळला जातो.

हा विचार लिफ्टइतकाच जुना आहे. 1854 मध्ये न्यू यॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एलिशा ओटिस उंचावर टांगलेल्या फळीवर उभा राहिला आणि त्यानं तिची दोरी कापायला लावली. फळी थोडी घसरून जागीच अडकली, कारण दोरीचा ताण जाताच स्प्रिंग पसरून बाजूच्या दातेरी पट्ट्यांत रुतत होती. लोकांनी लिफ्टवर विश्वास ठेवायला सुरुवात केली ती तेव्हापासून. वर न्यायचं यंत्र आधीही होतं. पडू न देणारं नव्हतं. भारतात ओटिसची पहिली लिफ्ट 1892 मध्ये कोलकात्याच्या राजभवनात बसली असं सांगतात.

तर माळ तुटलीय, पण कुठं? तळमजला धरून सहा थांबे असलेल्या इमारतीत हे संपर्क सहज सोळाच्या घरात जातात. नवशिका पहिल्यापासून सुरू करतो आणि एकेक तपासत जातो. नशीब वाईट असेल तर शेवटच्या संपर्कापर्यंत. जुना मेकॅनिक बल्बचं एक टोक न्यूट्रलला लावतो आणि दुसरं सरळ माळेच्या मध्यावर टेकवतो. बल्ब लागला, तर अलीकडचे आठ चांगले. बिघाड पलीकडच्या आठांत. मग त्या आठांच्या मध्यावर. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. चार वेळा बल्ब टेकवला की सोळांतला गुन्हेगार सापडला. संगणकाच्या पुस्तकांत या पद्धतीला भारदस्त नाव आहे. मशीन रूममध्ये तिला फक्त "मधून धर" म्हणतात.

बल्बच का, मीटर का नाही? इथं या जुन्या पिढीची खरी गंमत आहे. लिफ्टच्या खाली लोंबणारी जी चपटी केबल असते, ट्रेलिंग केबल, तिच्यात दहावीस तारा कित्येक मीटर एकमेकींना चिकटून धावतात. शेजारच्या तारेत वीज असेल तर तुटलेल्या, मेलेल्या तारेतही तिची सावली पडते. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही; त्याचा अंतर्गत रोध साधारण 1 कोटी ओहम असतो. त्यामुळं मेलेल्या तारेवरही तो साठ-सत्तर व्होल्ट दाखवून मोकळा होतो आणि मेकॅनिक तासभर भलत्याच जागी शोधत बसतो. 60 वॉटच्या तारेच्या बल्बचा रोध तापल्यावर नऊशे ओहमच्या आसपास. तो प्रवाह मागतो. सावलीकडं द्यायला प्रवाह नसतोच, म्हणून बल्ब पेटत नाही. तारेत खरी वीज असेल तरच तो उजळतो. बल्ब विचारतो, "नुसतं दिसतोस, की काम करशील?" मीटर हा प्रश्न विचारत नाही.

एक अडचण आता उभी राहिलीय. तारेचे बल्ब दुकानांतून नाहीसे होत चाललेत आणि त्यांच्या जागी एलईडी लावून काम भागत नाही. स्विच बंद केल्यावरही घरातला एलईडी मंद लुकलुकताना पुष्कळांनी पाहिला असेल. तो त्याच सावलीच्या विजेवर जगतो, म्हणजे इथं तो मीटरपेक्षा शहाणा नाही. काही नव्या मीटरमध्ये मुद्दाम कमी रोधाची सोय दिलेली असते ती यासाठीच. आणि बल्बचेही धोके आहेतच. दोन फेजमध्ये 415 व्होल्ट असतात, तिथं 230 व्होल्टचा एकटा बल्ब हातात फुटू शकतो, म्हणून जुने लोक दोन बल्ब सिरीजमध्ये जोडत. उघड्या टोकांच्या वायरी घेऊन असं पॅनेलात हात घालणं आज कुणी शिकवू नये. बल्बची युक्ती घ्यायची ती तिच्यातल्या विचारासाठी.

कधी कधी मेकॅनिक पोहोचेपर्यंत लिफ्ट आपोआप चालू झालेली असते. हा सर्वांत छळणारा प्रकार, येत-जात राहणारा बिघाड. इथं अवजारं निरुपयोगी. उपयोगी पडतात प्रश्न. कुठं थांबली? नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच थांबत असेल तर दोष त्या उंचीशी बांधलेला आहे: तिथल्या दाराचं कुलूप, किंवा लिफ्ट त्या उंचीला आली की ट्रेलिंग केबल जिथं वाकते तिथं आतून तुटलेली एखादी तार. कुठंही थांबत असेल तर दोष लिफ्टबरोबर प्रवास करतोय, नाहीतर वर पॅनेलात बसलाय. फक्त खाली येतानाच? फक्त गर्दी असताना? आतली माणसं दाराला टेकून उभी राहतात आणि दाराचा संपर्क क्षणभर उघडतो, हे गर्दीतल्या बिघाडाचं फार साधं आणि फार नेहमीचं कारण आहे. केबलमधली तार तुटली असेल तर आख्खी केबल बदलायची गरज नसते. तिच्यात मोकळ्या ठेवलेल्या तारा असतात, त्यांतल्या एकीवर काम सरकवलं की झालं. अर्थात पहिल्या मेकॅनिकनं मोकळ्या तारा कोणत्या, हे कुठं लिहून ठेवलं असेल तर.

आणि कधी थांबते? मराठवाड्यात या प्रश्नाला वजन आहे. मे महिन्यात बाहेर 43 अंश असताना गच्चीवरची मशीन रूम भट्टी झालेली असते. सकाळी निमूट चालणारी लिफ्ट दुपारी दोननंतर रुसते, संध्याकाळी सातला परत चालते. उष्णतेनं धातू पसरतो, टर्मिनलचा सैल स्क्रू आणखी सैल होतो, कार्डवरचा कच्चा डाग सुटतो. जुना माणूस मग दुपारीच जातो. सकाळी जाण्यात अर्थच नसतो. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीनं एकेका रिलेला हलकेच टिचकी मारत जातो. ज्या टिचकीला लिफ्ट दचकते, तिथं दोष. पावसाळ्यात याच्या उलट: खड्ड्यात पाणी, संपर्कांवर ओल. बाकी वर्षभर धूळ. आणि प्राणिसृष्टी वेगळीच. पाल पॅनेलात उबेला शिरते आणि दोन टर्मिनलांवर आडवी होऊन स्वतःही जाते, फ्यूजही नेते. मुंग्या रिलेत वस्ती करतात, उंदीर वायरचं आवरण कुरतडतात, मशीन रूमची काच फुटली की कबुतरं येतात. पॅनेलाच्या तळाशी काय पडलंय ते आधी पाहायचं, हा जुन्यांचा नियम या अनुभवातूनच आला.

संपर्क साफ करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. रिलेचे संपर्क काळे दिसले की हेल्पर पॉलिश पेपर काढतो आणि उस्ताद त्याचा हात धरतो. चांगल्या संपर्कांवर चांदी असते. चांदीचा ऑक्साइड वीज वाहून नेतो, म्हणजे काळं दिसलं तरी काम बिघडलेलं असेलच असं नाही. घासलं तर चांदी निघून जाते आणि वर पेपरचे कठीण कण तिथं रुतून बसतात ते वेगळंच. मेन स्विच काढून संपर्कांमध्ये साध्या कोऱ्या कागदाची पट्टी धरायची, संपर्क हलके मिटायचे आणि पट्टी ओढून घ्यायची. कागदावर काळी रेघ उमटते. दोनतीन पट्ट्यांनंतर ती फिकी होते. एवढ्यानं भागतं. खड्डे पडले असतील तर संपर्क बदलायचा, तासायचा नाही.

दोरखंडांकडं ही मंडळी वेगळ्या आदरानं पाहतात. लिफ्ट एका दोरावर नाही, अनेक पोलादी दोरांवर लोंबते, आणि प्रत्येक दोर बारीक तारांच्या पेडांचा वळलेला असतो. दोर एकदम तुटत नाही. आधी एकेक तार तुटून बाहेर डोकावते. ती डोळ्याला सहज दिसत नाही. म्हणून लिफ्ट तपासणीच्या मंदगतीवर चालवून दोराला सुती फडकं सैल धरायचं. तुटलेली तार फडक्याचा धागा ओढते. धागा अडकला की लिफ्ट थांबवून तिथं नीट पाहायचं, तारा मोजायच्या. फडकं गुंडाळून घट्ट धरायचं मात्र नाही, कारण मग फडक्याबरोबर बोटही जातं. दोरावर तांबूस भुकटी दिसली तर आतल्या तारा एकमेकींवर घासून गंजतायत. सगळ्या दोरांवर सारखाच ताण आहे का, हे एकेक दोर समान उंचीवर हातानं आडवा ओढून कळतं. एखादा जास्त ताणलेला असेल तर तोच आधी झिजणार आणि पुलीची त्याची खाचही खोल करणार.

दोर पुलीवर घसरतोय का? यासाठी खडू. लिफ्ट तळाशी असताना पुलीवर आणि सगळ्या दोरांवर एक सरळ रेघ ओढायची, लिफ्ट वर जाऊन परत त्याच जागी आणायची. रेघ जुळली तर ठीक. दोरावरची रेघ पुलीवरच्या रेघेपासून सरकली तर खाचा झिजल्यात, किंवा कुणी अतिउत्साहानं दोरांना ग्रीस फासलंय. गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या कागदावर टिपून पाहणं हीही तशीच पाच सेकंदांची तपासणी. जुन्या मशीनमध्ये पोलादी स्क्रू कांशाच्या चाकाला फिरवतो. तेलाच्या थेंबात सोनेरी चमक दिसली तर ते चाक झिजतंय. ती चमक पाहून कुणाला आनंद होत नाही, कारण पुढचा खर्च मोठा असतो.

फेज उलटी होण्याचा किस्सा तर आपल्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तीन फेजांपैकी कोणत्याही दोनांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. रोहित्र बदललं, वादळानंतर तारा परत जोडल्या आणि घाईत दोन फेज इकडच्या तिकडं झाल्या, तर बोअरची मोटर चालू असूनही पाणी नीट चढत नाही. लिफ्टमध्ये हे झालं तर वर जायचं बटण दाबल्यावर ती खाली निघेल, म्हणून पॅनेलात एक रिले फेजांचा क्रम तपासत बसलेला असतो आणि क्रम चुकला की लिफ्ट सुरूच होऊ देत नाही. पॅनेलमध्ये सगळं ठीकठाक, तरी लिफ्ट मुकी. अशा वेळी जुना मेकॅनिक जिना उतरून सरळ गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत जातो आणि विचारतो, "तुमची मोटर सकाळपासून बरोबर फिरतेय ना?" गिरणी उलटी फिरत असेल तर लिफ्टला हात लावायचं कारण नाही. उत्तर खांबावर आहे.

आत माणूस अडकला असेल तर मात्र निदान नंतर, सुटका आधी. इथं एक अशी गोष्ट आहे जी लिफ्ट वापरणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी समजून घ्यावी. लिफ्टच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला वजन लोंबत असतं. ते रिकाम्या लिफ्टएवढं अधिक तिच्या भारक्षमतेच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात, म्हणजे मोटरला कमीत कमी कष्ट पडतात. आपल्याकडं माणशी 68 किलो धरतात. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे 408 किलो. म्हणजे तिच्या पलीकडचं वजन रिकाम्या लिफ्टपेक्षा साधारण 204 किलोंनी जड. आत एकटाच माणूस असेल आणि ब्रेक सोडला, तर लिफ्ट पडत नाही, वर जाते! सहा जण असतील तर खाली येते. तिघं असतील तर तराजू समतोल, आणि हातचाक फिरवूनच तिला हलवावं लागतं. म्हणून अनुभवी मेकॅनिक वर चढायच्या आधी ओरडून विचारतो, "आत किती जण?" तो धीर देत नसतो; ब्रेक सोडल्यावर लिफ्ट कुठं जाणार याचं गणित करत असतो. त्यानंतर मेन स्विच बंद, सगळी दारं लागली आहेत याची खात्री, एक जण ब्रेकच्या दांड्यावर, दुसरा हातचाकावर, आणि इंचाइंचानं सोड-धर. मजला आला हे मशीन रूममधून दिसत नाही. म्हणून दोरांवर रंगाच्या खुणा केलेल्या असतात. खूण ठरलेल्या जागी आली की लिफ्ट मजल्याला टेकली. या खुणा पुसट झाल्या असतील तर त्या रंगवून घ्यायला रंगाचा एक डबा पुरतो.

आता ती जीवघेणी युक्ती. माळेतला बिघाड सापडत नाही, खाली लोक खोळंबलेत, सेक्रेटरीचा तिसरा फोन आलाय. मग पॅनेलात दाराच्या संपर्काच्या दोन टोकांना एक तुकडा वायर लावायचा, म्हणजे जंपर. लिफ्ट लगेच चालू. सगळे खूश. फक्त आता ती दार उघडं असतानाही चालते. मजल्यावर लिफ्ट नसताना दार उघडतं आणि कुणीतरी मोबाइलकडं बघत आत पाऊल टाकतो. कॉन्टॅक्टर लाकडानं दाबून लिफ्ट हलवणं त्याहून वाईट, कारण त्यात एक संपर्क नाही, अख्खी माळच टाळली जाते. बिघाड कोणत्या भागात आहे हे ठरवायला जंपर क्षणभर लागतोच, हेही खरं. चांगला मेकॅनिक तो लावतो तेव्हा लिफ्ट तपासणीच्या मंदगतीवर असते, आत कुणी नसतं, प्रत्येक मजल्यावर पाटी असते, आणि जंपर लाल, लांब, सहज दिसणारे व मोजून घेतलेले असतात. गाडीची किल्ली जंपरच्या पिशवीतच ठेवावी. सगळे जंपर परत आल्याशिवाय घरी जाताच येणार नाही. युरोपच्या ईएन 81-20 या 2014 च्या मानकानं तर दारांचे संपर्क टाळण्यासाठी कंट्रोलरमध्येच स्वतंत्र स्विच द्यायला लावला, म्हणजे खिशातल्या वायरची गरजच उरू नये. तो स्विच फिरवला की लिफ्ट सामान्य चालतच नाही. चांगली युक्ती माळ वाचते. वाईट युक्ती माळ टाळते. मला दुसरी कसोटी लागत नाही.

नव्या लिफ्टमध्ये हे सारं जुनं झालं का? काही भाग झालाच. रिले गेले, खटके गेले, मशीन रूमही पुष्कळ ठिकाणी गेली. पडदा सांगतो, दाराचं कुलूप उघडं. पण कोणत्या मजल्याचं, आणि का, हे त्याला बहुधा ठाऊक नसतं. तिथं परत तेच प्रश्न: कुठं, कधी, किती माणसं. आयटीआयमध्ये आता लिफ्ट आणि एस्केलेटर मेकॅनिकचा वेगळा ट्रेड आहे. पूर्वी इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन होऊन पोरं उस्तादाच्या हाताखाली लागत आणि टिचकी-खट्ट-धप्-टक् कानानं शिकत. अभ्यासक्रमात मानकं आली, सुरक्षा आली, ते फार बरं झालं. ऐकण्याचा तास मात्र त्यात नसावा, अशी मला शंका आहे.

महाराष्ट्रात लिफ्टसाठी 1939 पासून कायदा आहे. त्याची जागा 2017 च्या कायद्यानं घेतली, त्यात सरकते जिनेही आले. लिफ्ट चालवायला परवाना लागतो आणि तपासणी राज्याच्या विद्युत निरीक्षकांकडं असते. पण रोजची सुरक्षितता निरीक्षक सांभाळत नाही. ती मेकॅनिक आणि इमारतीत राहणारे मिळून सांभाळतात. म्हणून लिफ्ट थांबली की मेकॅनिकला "बंद पडलीय" एवढंच सांगू नका. कोणत्या मजल्यांच्या मध्ये थांबली, किती वाजता, आत किती जण होते, कोणता आवाज आला, ते सांगा. "काहीही करा, पण चालू करून द्या" हे वाक्य त्याला कधीच ऐकवू नका. आणि दुरुस्ती झाल्यावर तो निघायच्या आधी, त्याच्यासमोरच एक तपासणी करा. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर पाठवा, तळमजल्याच्या दारासमोर एक पाऊल मागं उभे राहा आणि दार हळूच ओढून पाहा. ते उघडता कामा नये. उघडलं, तर लिफ्ट तिथंच बंद ठेवायला सांगा आणि त्याला जाऊ देऊ नका.